निकाहनामा कपाटात आहे, तलाकचा कागद कुठे आहे?

घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, निकाहनामा कुठे ठेवला आहे. थोडी शोधाशोध होईल, कपाटातली जुनी पिशवी निघेल आणि घडीवर फाटलेला, उर्दूत भरलेला तो कागद हाती येईल. त्यावर काझींची सही असते, साक्षीदारांची नावे असतात, मेहरची रक्कम असते. आता त्याच घरात किंवा नात्यात कुणाचा तलाक किंवा खुला झाला असेल, तर त्याचा कागद मागून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर येते, "कागद कशाला? सगळ्या जमातीला माहीत आहे."

जमातीला माहीत असणे हाच आपल्याकडे तलाकचा दाखला झाला आहे. तो मोहल्ल्यात चालतो, स्थळ बघतानाही चालून जातो. तहसील कार्यालयात, न्यायालयात किंवा व्हिसाच्या अर्जाला तो चालत नाही. शिवाय ज्यांना माहीत असते ती माणसे म्हातारी होतात, गाव सोडतात, वारतात. पंधरा-वीस वर्षांनी तलाकची नेमकी तारीख सांगू शकेल असे कुणी उरत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. तलाकची नोंद नसल्याने पुरुषाचे फारसे बिघडत नाही, स्त्रीचे मात्र आयुष्य अडते. म्हणून असलेली नोंद कशी शोधायची आणि मागायची हे आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला माहीत हवे. आणि जिथे नोंदीची सोयच नाही, तिथे ती व्हावी असा आग्रह आपणच धरायला हवा.

किंमत कोण मोजतो?

मुस्लिम पुरुषाने पहिली पत्नी असताना दुसरा निकाह केला, तर सध्याच्या व्यक्तिगत कायद्यानुसार तो रद्दबातल ठरत नाही. त्यामुळे द्विविवाहाचा गुन्हा त्याला लागत नाही. स्त्रीचे तसे नाही. पहिला निकाह कायम असताना तिने दुसरा केला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ८२ लागू होते. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम ४९४ होते. शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. म्हणजे तोंडी तलाक देऊन पुरुष पुढच्या महिन्यात नवा संसार मांडू शकतो, त्याला कुणी कागद विचारत नाही. स्त्रीने इद्दत पाळून, रीतसर दुसरा निकाह केला आणि पहिला नवरा उद्या उलटून म्हणाला की मी तलाक दिलाच नव्हता, तर सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर येते.

ही कल्पनेतली भीती नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात तलाक-ए-हसनविषयीच्या याचिकांची सुनावणी झाली तेव्हा हाच प्रश्न पुढे आला. तलाकची नोटीस पतीच्या वतीने वकिलाने पाठवलेली आणि तिच्यावर पतीची सहीच नाही. असा कागद घेऊन ती बाई मुलाच्या शाळेत किंवा दुसऱ्या निकाहाला उभी कशी राहणार?

दुसरी बाजूही बघा. पती वारल्यावर सासरची माणसे सांगतात, "तिला तर त्याने कधीच सोडले होते." मुले असतील तर पत्नीचा वाटा एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. एका तोंडी वाक्याने तो वाटा बुडवता येतो. तलाक झाला असेल तर झाल्याची नोंद आणि झाला नसेल तर न झाल्याची खात्री, दोन्हींची गरज तिलाच असते. थकलेला मेहर मागण्याची तीन वर्षांची मुदत आणि इद्दतीचा काळही तारखेवरच मोजतात. तारीख नसेल तर हक्क हवेत राहतो.

सरकारी योजनांचा अनुभव तर ताजा आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांनाही लागू आहे. पण २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. वडील हयात नाहीत आणि पतीशी संबंध तुटला आहे, अशा स्त्रियांची अडचण झाली. पुढे त्यांना घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडायला सांगण्यात आले. ज्यांचा तलाक चार माणसांसमोर बैठकीत झाला, त्यांनी कोणती प्रत जोडायची? संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जातही हाच पेच येतो. महिन्याचे दीड हजार रुपये एका कागदासाठी अडतात, आणि ज्यांचे अडतात त्यांना त्या पैशांची गरज सर्वात जास्त असते.

एक दिलासा मात्र लक्षात ठेवा. पासपोर्टसाठी घटस्फोटाचा हुकूमनामा लागत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे केले, तेव्हापासून विभक्त किंवा घटस्फोटित व्यक्तीने जोडीदाराचे नाव देण्याची आणि हुकूमनामा जोडण्याची सक्ती नाही. एजंट मागत असेल तर त्याला हा नियम दाखवा.

कोणता कागद कितपत चालतो?

शोधायला निघण्याआधी काय शोधायचे ते ठरवावे लागते. आपल्याकडे तलाकचे कागद म्हणून साधारण चार प्रकारचे कागद फिरतात आणि त्यांचे वजन सारखे नसते.

पहिला, न्यायालयाचा हुकूमनामा. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९३९ नुसार स्त्री न्यायालयातून निकाह संपुष्टात आणू शकते. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे खर्च न देणे, सात वर्षे किंवा अधिक कैद होणे, क्रूरपणे वागवणे अशी कारणे त्यात दिलेली आहेत. या खटल्याचा हुकूमनामा हा सर्वात भक्कम पुरावा. तो कुठेही नाकारता येत नाही.

दुसरा, न्यायालयाने दिलेले घोषणापत्र. तलाक, खुला किंवा मुबारात न्यायालयाबाहेर झालेला असतो आणि तो वैध आहे एवढेच न्यायालयाकडून जाहीर करून घ्यायचे असते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ मध्ये व्यक्तीची वैवाहिक स्थिती जाहीर करण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला दिलेला आहे. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ च्या निकालात स्त्रीचे न्यायालयाबाहेरचे मार्ग, विशेषतः खुला, मान्य केले. अशा प्रकरणांत कौटुंबिक न्यायालयाने लांबलचक चौकशी न करता शहानिशा करून शिक्कामोर्तब करावे, असा त्याचा रोख आहे. तेलंगणा उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये खुला हा स्त्रीचा हक्क आहे, तो पतीच्या संमतीवर अवलंबून नाही, असे सांगितले. हे निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण वकिलाला आधार म्हणून नक्की दाखवता येतात.

तिसरा, काझींचा, दारुल कझाचा किंवा जमातीचा कागद. आपल्या समाजात त्याला मान आहे आणि तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण तो न्यायालयाचा निवाडा नाही. काझी कायदा, १८८० च्या कलम ४ मध्येच स्पष्ट आहे की त्या कायद्याने काझींना न्यायदानाचे किंवा प्रशासनाचे अधिकार मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की दारुल कझा ही न्यायालये नाहीत आणि फतव्याला कायद्याचे बळ नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका खाजगी शरियत परिषदेने दिलेले खुल्याचे प्रमाणपत्र रद्द केले आणि त्या स्त्रीला कौटुंबिक न्यायालयात जायला सांगितले. म्हणून हा कागद जपून ठेवा, पण त्यावरच थांबू नका.

चौथा, बाँडपेपरवर नोटरीसमोर लिहिलेला 'तलाकनामा' किंवा 'फारकतनामा', नाहीतर टपालाने, व्हॉट्सअॅपवर आलेली नोटीस. सर्वात जास्त घरांत हाच असतो आणि सर्वात जास्त फसवणूकही यातच होते. केंद्रीय विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना स्पष्ट कळवले की विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार त्यांना नाही. नोटरीच्या शिक्क्याने सही कुणाची हे कळते, तलाक वैध होत नाही.

या चौथ्या प्रकारात एक गोष्ट फार काळजीने बघायची. कागदावर एका दमात तीन तलाक लिहिले आहेत का? सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात तलाक-ए-बिद्दत रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणताही मार्ग त्यात येतो. त्यामुळे असा नवा कागद हाती असेल तर तो तलाकचा दाखला नसून गुन्ह्याचा पुरावा आहे आणि कायद्याच्या दृष्टीने निकाह अजून कायम आहे. हे न कळल्यामुळे स्त्रिया तो कागद जपून ठेवतात आणि आपला तलाक झाला असे धरून पुढची पावले टाकतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात २००२ मध्ये पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात ठरवले की पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना "मी तलाक दिलेला आहे" असे पतीने लिहून दिले म्हणून तलाक सिद्ध होत नाही. कारण काय होते, समेटाचा प्रयत्न झाला का, शब्द कधी आणि कुणासमोर उच्चारले, हे सगळे पुराव्याने शाबीत करावे लागते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात तीच दिशा घेतली. पुरावा मागणारा हा कायदा गेली वीसहून अधिक वर्षे आपल्याकडे आहे. आपण मात्र पुरावा ठेवायला शिकलो नाही.

नोंद कशी शोधायची?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे नात्यातले लोक "जरा ऑनलाइन शोधून दे" म्हणून मला गळ घालतात. त्यातून जे हाती लागले ते सांगतो.

सुरुवात न्यायालयापासून करा. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. जिथे ती नाहीत तिथे असे दावे दिवाणी न्यायालयात चालतात. त्यामुळे पहिला प्रश्न असा की खटल्याच्या वेळी ती बाई राहत कुठे होती? माहेर एका तालुक्यात, सासर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दोन्ही ठिकाणी बघावे लागते.

ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर आणि त्याच्या मोबाइल अॅपवर पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक, वकिलाचे नाव किंवा सीएनआर क्रमांक टाकून शोधता येते. सीएनआर हा प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र सोळा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. तो मिळाला की निम्मे काम झाले. जुन्या नोटिसा, समन्स, वकिलाच्या फीची पावती यांवर तो किंवा खटल्याचा क्रमांक सापडू शकतो. संगणकीकरणाच्या आधी निकाली निघालेली प्रकरणे तिथे असतीलच असे नाही. कौटुंबिक प्रकरणांत गोपनीयतेसाठी नावे किंवा आदेश झाकलेलेही असू शकतात. ऑनलाइन दिसले नाही म्हणजे नोंद नाही, असा अर्थ काढू नका.

खरी अडचण नावांची असते. संगणक माणसाला ओळखत नाही, अक्षरे ओळखतो. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत किमान तीन-चार प्रकारे लिहिले जाते, 'सय्यद'चेही तेच. कुठे शेख आधी, कुठे नंतर. मराठवाड्यात पुरुषाच्या नावात वडिलांचे नाव शेखसकट येते. स्त्रीच्या नावापुढे 'बी' लागते किंवा गळते. न्यायालयाच्या कागदांत 'भ्र.' म्हणजे भ्रतार लिहून पतीचे नाव येते, म्हणजे तलाकच्या खटल्यातही तिची ओळख त्याच्या नावानेच असते. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. तीन-चार अक्षरे टाका, प्रत्येक स्पेलिंग वेगळे करून बघा, पतीच्या नावाने बघा, वर्ष एक पुढे-मागे करा.

घटस्फोटाचा दावा सापडला नाही तर पोटगीचा अर्ज शोधा. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज चालला असेल, तर तलाक कधी झाला यावर त्यात जबाब आणि कधी निष्कर्षही असतो. माझ्या नात्यातल्या एका आपांचे काम असेच झाले. वकील वारलेले, क्रमांक कुणाला आठवेना, वर्षही अंदाजाने. पतीच्या नावाने पोटगीचे जुने प्रकरण मिळाले, त्याच्या आदेशात दिवाणी दाव्याचा क्रमांक लिहिलेला होता आणि तिथून हुकूमनाम्यापर्यंत पोचता आले. दोन महिने गेले, पण दुसरा निकाह ठरलेल्या त्या बाईच्या हातात शिक्क्याचा कागद आला.

क्रमांक मिळाला की त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. त्याला नक्कल अर्ज म्हणतात. खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची प्रमाणित प्रत हवी ते लिहायचे, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्हींची प्रत मागा. शक्यतो दोन-दोन प्रती घ्या, कारण एक कुठेतरी जमा करावीच लागते. झेरॉक्स चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ नुसार सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळते आणि तीच पुढे पुरावा म्हणून चालते. जुन्या प्रकरणाची फाइल अभिलेख कक्षातून काढावी लागते, त्याला वेळ लागतो. खटल्यातल्या पक्षकाराला प्रत मिळण्याचा हक्क आहे. तिसऱ्या माणसाने मागितली तर कारण द्यावे लागते. ही प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागू नका. न्यायालयीन कागदांसाठी न्यायालयाचे स्वतःचे नियम असतात, आणि त्याच मार्गाने जावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

यासाठी खर्च झेपत नाही म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

न्यायालयात कधी गेलेच नसतील तर काझींकडे आणि जमातीकडे वळावे लागते. निकाहाचे रजिस्टर ठेवणारे काझी काही वेळा तलाक, खुल्याचीही नोंद करतात. कोकणातल्या अनेक गावांत जमातीच्या बैठकीचे वृत्तांत लिहिलेले असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नोंदीच्या पानाची सही-शिक्क्याची प्रत मागा, उर्दू असेल तर मराठी भाषांतर करून घ्या. बैठकीला हजर असलेले दोन साक्षीदार हयात असतील तर आजच त्यांचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा. मग हा सगळा पुरावा घेऊन वैवाहिक स्थिती जाहीर करून मागणारा अर्ज कौटुंबिक न्यायालयात करता येतो.

रकानाच नाही

एवढी धावपळ का करावी लागते? महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी होते. महापालिकेत, ग्रामपंचायतीत निकाहाची नोंद होऊन प्रमाणपत्र मिळते. पण न्यायालयाबाहेर झालेला तलाक किंवा खुला नोंदवण्याची सोय त्या कायद्यात नाही. सरकारी दप्तरात आपला निकाह सुरू होतो आणि कधीच संपत नाही.

हे सगळीकडे असेच आहे असे नाही. बंगालमध्ये मुस्लिम विवाह आणि तलाक या दोन्हींची ऐच्छिक नोंदणी करणारा कायदा १८७६ सालचा आहे, ओडिशात १९४९ चा. पाकिस्तानच्या १९६१ च्या अध्यादेशानुसार तलाक दिल्याची लेखी सूचना युनियन कौन्सिलच्या अध्यक्षांना द्यावी लागते, तिची प्रत पत्नीला द्यावी लागते आणि नव्वद दिवसांपर्यंत तलाक लागू होत नाही. बांगलादेशात तोच नियम पुढे चालू राहिला आणि १९७४ च्या कायद्याने नोंदणीची व्यवस्था आली. आपल्या शेजारच्या गोव्यात सर्व धर्मीयांचे विवाह नागरी निबंधकाकडे नोंदले जातात आणि घटस्फोटाचा हुकूम झाला की त्याच विवाहनोंदीवर त्याची टीप चढते. एक नोंद काढली की सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात.

केरळ उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा निकाल आपल्यासाठी फार मोलाचा आहे. एका स्त्रीचा निकाह नोंदवलेला होता, पुढे तलाक झाला, काझींचा दाखलाही होता. तरी स्थानिक निबंधक न्यायालयाच्या आदेशाशिवाय नोंद करायला तयार नव्हते. न्यायालयाने म्हटले की ज्या अधिकाऱ्याला निकाह नोंदवण्याचा अधिकार आहे त्याला तलाकची नोंद करण्याचाही अधिकार आहे, त्यासाठी तिला न्यायालयात पाठवायची गरज नाही. पती नोंद न बदलता दुसरा निकाह करू शकतो आणि पत्नी मात्र अडकून पडते, ही विषमताही न्यायालयाने बोलून दाखवली. महाराष्ट्राच्या नियमांत एक रकाना वाढवून हे काम होऊ शकते. अर्ज आला की दुसऱ्या पक्षाला नोटीस द्यायची, हरकत नसेल तर नोंद करायची, हरकत असेल तर कौटुंबिक न्यायालयात पाठवायचे.

आक्षेप

पहिला आक्षेप धर्माचा येतो. यात धर्मात ढवळाढवळ कुठली? सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा, त्याला साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. सूरह तलाकच्या दुसऱ्या आयतीत दोन न्यायी साक्षीदार ठेवण्याचे सांगितले आहे. शिया फिक्हमध्ये साक्षीदारांशिवाय तलाक होतच नाही. काही हजारांचे कर्ज लिहून ठेवायचे आणि एका बाईचे आयुष्य बदलणारा निर्णय तोंडावर सोडायचा, हे कुठल्या शिकवणीत बसते?

दुसरा आक्षेप सरकारच्या हेतूविषयी आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात नोंदणी सक्तीची झाली. आसाममध्ये १९३५ चा मुस्लिम विवाह-तलाक नोंदणी कायदा रद्द करून २०२४ मध्ये नवा सक्तीचा कायदा आला. नोंदणीच्या नावाने आपल्याला लक्ष्य केले जाईल अशी भीती लोकांना वाटते. पण या भीतीची किंमतही पुन्हा त्याच बाईने का मोजायची? आपण स्वतः पुढाकार घेऊन सोपी, स्वस्त, शिक्षेची टांगती तलवार नसलेली व्यवस्था मागितली, तर ती कशी असावी यावर आपले म्हणणे मांडता येते. गप्प राहिलो तर दुसरे कुणीतरी ठरवतील.

तिसरा आक्षेप खाजगीपणाचा, आणि तो खरा आहे. तलाकची नोंद गावभर वाचायला मिळाली तर स्त्रीची बदनामीच होईल. म्हणून नोंद सर्वांना खुली नसावी. ती दोन्ही पक्षांना, न्यायालयाला आणि त्यांच्या लेखी संमतीने इतरांना मिळावी. स्थळ बघताना खात्री हवी असेल तर समोरच्याकडेच प्रमाणित प्रत मागावी. ज्याचे खरे आहे तो देईल. चोरून शोधत बसण्यापेक्षा हा रिवाज बरा.

आपल्या हातात काय आहे?

१९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत मोर्चा घेऊन विधिमंडळावर गेल्या, तेव्हा तोंडी तलाक बंद करा ही त्यांची मागणी होती. हमीद दलवाई त्यांच्या सोबत होते. ती मागणी कायद्यात यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. नोंदीच्या मागणीला तेवढी लागू नयेत. त्यातले बरेचसे काम कायद्याशिवायही होण्यासारखे आहे.

आपल्या मशिदीच्या किंवा जमातीच्या विश्वस्तांना भेटा. निकाहाच्या रजिस्टरसोबत तलाक, खुला आणि मुबारातचे रजिस्टर सुरू करायला सांगा. त्यात दोघांची पूर्ण नावे आधारवर आहेत तशी, निकाहाची तारीख, समेटाच्या बैठकांच्या तारखा, तलाकचा प्रकार, तलाकची आणि इद्दत संपल्याची तारीख, मेहर दिला की नाही, मुले कुणाकडे, दोन साक्षीदार आणि दोघांच्या सह्या एवढे रकाने पुरे. प्रत दोघांना द्यायची, फक्त पुरुषाला नाही. तीन तलाक एकदम लिहिलेला कागद रजिस्टरमध्ये घ्यायचाच नाही. अशी नोंद हुकूमनामा ठरणार नाही, पण उद्या कौटुंबिक न्यायालयात जाताना त्या बाईच्या हातात धड पुरावा असेल.

जुनी रजिस्टरे मोबाइलवर स्कॅन करून ठेवा. अनेक ठिकाणी ती एकाच काझींच्या घरी, एकाच प्रतीत आहेत. एक पाऊस, एक वाळवी, आणि गावातल्या सगळ्या निकाह-तलाकचा पुरावा जातो. उर्दू वाचता येणारी एक पिढी आणि संगणक वापरता येणारी दुसरी पिढी एकत्र बसली तर एका गावाचे काम थोड्या रविवारांत उरकते. स्कॅन केलेले मात्र गटावर टाकू नका.

आणि ज्यांच्या घरात अशी आपा, खाला किंवा बहीण आहे, त्यांनी या आठवड्यात तिच्या हातात कोणता कागद आहे ते बघा. न्यायालयाचा असेल तर प्रमाणित प्रत काढून ठेवा. काझींचा असेल तर साक्षीदारांचे प्रतिज्ञापत्र करा आणि विधी सेवा प्राधिकरणात जाऊन घोषणेच्या अर्जाची चौकशी करा. काहीच नसेल तर तारीख, जागा आणि हजर माणसांची नावे आधी लिहून काढा. आज ती माणसे आहेत, त्यांना आठवतेही आहे.